पेठेचा फुटबॉल आणि दुकानाची वही

महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत मुलाच्या हाती प्रथम बॅट येते. कोल्हापुरातील जुन्या पेठांत मात्र त्याच्या पायाशी प्रथम चेंडू येतो. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतील तालमींना प्रतिष्ठा लाभली. याच तालमींतून पुढे फुटबॉलचे संघ निघाले. संघांची नावेच हा वारसा सांगतात. खंडोबा तालीम मंडळ, पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही सारी नावे आखाड्याच्या तांबड्या मातीत रुजलेली आहेत. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ आहेत. सामने भरतात ते छत्रपती शाहू स्टेडियमवर, आणि त्यांची व्यवस्था पाहते ती कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘केएसए’.

कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे गाव होते. त्यांतील अनेक तळी काळाच्या ओघात बुजली. कपिलतीर्थावर भाजीमंडई बसली, शिवाजी पेठेतील वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आले. जिथे पूर्वी पाणी साठत असे, तिथे आता माणसे साठतात, असे जुनी माणसे गमतीने म्हणत.

शिवाजी पेठेत निवृत्ती चौकातील अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून उभ्या मारुतीपर्यंत हंगामाच्या दिवसांत दुसरा विषय नसे. दळण टाकायला आलेली बाई, केस कापून घेणारा म्हातारा, शाळेचे मास्तर, सगळ्यांनाच परवाच्या सामन्यातील हुकलेला गोल तोंडपाठ असे. या पेठेची ईर्षा प्रामुख्याने मंगळवार पेठेशी. दोन्ही पेठांत सोयरिकी होत्या, देवघेव होती, एकमेकांच्या मयतीला खांदा देणारी माणसे होती. पण मैदानावर समोरासमोर उभे राहिले की जणू दोन संस्थाने भिडत.

अशा पेठेत एक जैन भुसार व्यापाऱ्याचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पोत्यांची थप्पी. घरात आजी, आप्पा, आई आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा. काळ १९७० च्या आसपासचा. मुलाचे सारे सवंगडी तालमीच्या सावलीत वाढलेले. त्यामुळे त्यालाही फुटबॉलचे वेड लागले, यात नवल नव्हते. पण व्यापाऱ्याच्या घरात वेडालाही शिस्त असावी लागते.

पहिली अडचण चेंडूचीच होती. त्या काळचा चेंडू चामड्याचा. आत रबरी ब्लॅडर आणि वरून दोरीने आवळलेले तोंड. आजीला तो चेंडू उंबऱ्याच्या आत चालत नसे. मुलगा खेळून आला की, “चामड्याला शिवलास ना? आधी न्हाणीत जा, मग पाण्याच्या कळशीला हात लाव,” हे वाक्य ठरलेले. मुलाने एकदा युक्तिवाद केला की, त्याने चेंडूला हात लावलाच नव्हता, फक्त पाय लावला होता. आजी म्हणाली, “मग पायांनी आंघोळ कर.” घरभर हशा पिकला, पण आंघोळ चुकली नाही.

दुसरी अडचण अधिक मोठी होती. घरात रात्रिभोजनत्याग काटेकोर होता. सूर्य मावळण्यापूर्वी जेवण झाले पाहिजे. नंतर अन्नाचा कण नाही. सामना दुपारी चारच्या सुमारास सुरू होई. जानेवारीत कोल्हापुरात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मे महिन्यात तो पावणेसातच्या पुढे रेंगाळतो. त्यामुळे मुलाच्या लेखी हंगामाचे दोन भाग पडत. थंडीतील सामने म्हणजे उत्तरार्ध अर्धवट टाकून मिरजकर तिकटीवरून घराकडे धूम ठोकणे. उन्हाळ्यातील सामने म्हणजे शेवटची शिट्टी ऐकून, थोडी चर्चाही करून परतणे. शेवटच्या दहा मिनिटांत झालेले कितीतरी गोल त्याने पाहिले नाहीत. ते पाठीमागून उठलेल्या आरोळीवरून त्याने ओळखले. आरोळी कोणत्या बाजूच्या प्रेक्षकांतून उठली, तिचा जोर किती, ती लांबली की मध्येच तुटली, यावरून गोल कोणी केला हे तो धावता धावता सांगू शके.

आप्पांनी सामन्याला जाण्याची परवानगी तीन अटींवर दिली होती. सूर्यास्ताच्या आत घरी यायचे. तोंडातून अपशब्द काढायचा नाही. आणि दुकानात, गल्ल्यापाशी बसल्यावर सामन्याबद्दल बोलायचे नाही. तिसरी अट मुलाला सर्वांत अवघड वाटे. पण तिच्यामागे व्यापाराचे व्यवहारज्ञान होते. दुकान शिवाजी पेठेत असले, तरी गिऱ्हाईक चारही बाजूंचे होते. मंगळवार पेठेतील काही घरे आप्पांच्या वडिलांपासून याच दुकानातून महिन्याचा बाजार भरत. सोमवारी सकाळी ज्वारी मोजून घेणारा माणूस आदल्या दिवशी समोरच्या कठड्यावर बसून शंख फुंकत होता, हे ठाऊक असूनही त्याचे माप तितकेच भरून द्यायचे असते. “आपल्याला पेठ नाही असे नाही,” आप्पा म्हणत, “पण तराजूला पेठ नसते.”

तालमीची वर्गणी मागायला कार्यकर्ते येत, तेव्हाही आप्पांचा हिशेब असाच सरळ असे. शिवाजी पेठेतील संघाला जेवढी रक्कम, तेवढीच मंगळवार पेठेतील संघाला. दोन्ही पावत्या एकाच तारेत ओवलेल्या असत आणि रोजमेळात दोन्ही रकमा एकाखाली एक नोंदलेल्या असत. यावरून दोन्हीकडचे लोक त्यांना चिडवत. एकजण म्हणाला, “आप्पा, तुमी नेमकं कुनाचं?” आप्पांनी उत्तर दिले, “चेंडूचा.”

१९७२ चे वर्ष आले. राज्यभर दुष्काळ पडला. कोल्हापूर जिल्ह्याला त्याची झळ तुलनेने कमी बसली, तरी धान्याचे भाव सर्वत्र चढले होते. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळत होती आणि तिच्या भाकरीला नाके मुरडत का होईना, लोक ती खात होते. आप्पांच्या उधारीच्या वहीची पाने त्या वर्षी नेहमीपेक्षा लवकर भरली. मजुरी कमी झालेली घरे पैसे देऊ शकत नव्हती आणि त्यांना धान्य नाकारणे आप्पांना जमत नव्हते. पेठेची मने तेव्हा कातावलेली होती. अशा वेळी मैदान हा एकच विसावा होता. पण साठलेला राग बाहेर पडण्याची जागाही तीच होती.

त्या हंगामातील एका स्पर्धेचा अंतिम सामना दोन्ही पेठांच्या संघांत झाला. मुलाला एकट्याला पाठवणे आप्पांना योग्य वाटेना. म्हणून तेही बरोबर गेले. नियमित वेळेत बरोबरी झाली. जादा वेळेचा खेळ सुरू झाला, तेव्हा उन्हे उतरली होती. मुलाने नियमाप्रमाणे उठून आप्पांकडे पाहिले. आप्पा मैदानाकडेच पाहत होते. काही क्षणांनी ते एवढेच म्हणाले, “बस.” त्या एका शब्दाने दोघांचे रात्रीचे जेवण गेले. मुलाला आयुष्यात प्रथमच अंतिम सामन्याची शेवटची शिट्टी डोळ्यांनी पाहायला मिळाली.

शिट्टीनंतर मात्र बाचाबाची झाली, मग दगड उडाले. आप्पांनी मुलाचा हात घट्ट धरला आणि आडवाटेने घर गाठले. दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावल्या होत्या. तेवढ्यात सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा धापा टाकत आला. कपाळ फुटलेले, अंगात समोरच्या पेठेच्या संघाचा रंग. त्याची मावशी शिवाजी पेठेत राहत असे. तिच्या घराकडे पळताना तो अडकला होता. आप्पांनी त्याला आत घेतले, पोत्यांच्या आडोशाला बसवले आणि आजीने जखम धुवायला हळदीची वाटी आणली. काही मिनिटांत दहाबारा जण दारात आले. सगळे ओळखीचे, कित्येकांची नावे वहीत होती.

“आप्पा, हिकडं कोन आलंय काय?”

‘नाही’ हा एक शब्द पुरेसा होता. तो शब्द उच्चारला असता तर कोणी आप्पांना दोष दिला नसता. जीव वाचवण्यासाठी बोललेले असत्य लोक क्षम्य मानतात. गप्प राहून आत निघून जाणेही शक्य होते. आप्पा फळीच्या पुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “आलाय. आत बसलाय. त्याचं कपाळ फुटलंय, ते बांधतोय. त्याला इथून कोणी नेणार नाही. न्यायचाच असेल तर आधी मला बाजूला करा.”

बराच वेळ कोणी हलले नाही. गर्दीतील एक वयस्क पैलवान पुढे झाला, त्याने आप्पांकडे पाहिले, मग मागे वळून पोरांना म्हणाला, “चला रं.” मंडळी कुरकुरत पांगली. रात्री नऊच्या सुमारास आप्पा स्वतः त्या पोराला त्याच्या घरी पोचवून आले. घरात त्या रात्री कोणीच जेवले नव्हते. आई आणि आजीही दोघांची वाट पाहत थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, “सामना बघितला तुम्ही दोघांनी, उपवास मात्र चौघांना घडला.”

गोष्ट इथे संपली असती तर ती फार गोड झाली असती. पण व्यवहारात प्रत्येक नोंदीची दुसरी बाजू असते. पुढच्या महिन्यात पेठेतील पाच घरांनी दुकान बदलले. त्यांतील काहींकडे दुष्काळातील उधारी बाकी होती. आप्पा वसुलीला गेले नाहीत. “पैसे मागायला गेलो तर त्या रात्रीचा बदला घेतोय असे वाटेल,” असे ते आईला म्हणाले. दीपावलीला वहीपूजन झाले, नवी वही सुरू झाली. जुन्या वहीतील त्या पाच खात्यांच्या बाक्या नव्या वहीत ओढल्या गेल्या नाहीत. त्यांतील तीन घरे वर्षभरात परत आली आणि त्यांनी न विचारता मागची बाकीही चुकती केली. चौथे दोन वर्षांनी आले. पाचवे कधीच आले नाही. त्या खात्यावर एकशे सदतीस रुपये बाकी होती. त्या काळच्या लहान दुकानाला ही रक्कम थोडी नव्हती.

वर्गणीच्या वेळी त्या वर्षीही दोन पावत्या फाटल्या आणि दोन्हींवर सारखीच रक्कम होती.

त्या मुलाने पुढे तोच व्यवसाय वाढवला. आज त्याची नातवंडे शाहू स्टेडियमवर जातात. खेळाचे रूप पालटले आहे. मधल्या काळात कोल्हापूरच्या संघांतून आफ्रिकेतील खेळाडूही खेळून गेले. विश्वचषक आला की गल्लीगल्लीत मेस्सी, रोनाल्डो, नेमार यांचे उंच फलक उभे राहतात आणि ब्राझील-अर्जेंटिना असे नवे तट पडतात. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघातून खेळला, तेव्हा साऱ्या पेठा प्रथमच एका बाजूला बसल्या. हुल्लडबाजीची तक्रार मात्र आजही अधूनमधून कानी येते आणि त्या भीतीने पुष्कळ व्यापारी घरांतील पालक मुलांना मैदानावर पाठवत नाहीत. मुले घरात बसून मोबाइलवर परदेशातील सामने पाहतात.

ही काळजी अनाठायी नाही. तरीही विचार करण्यासारखे एक आहे. ज्या पेठेत दुकान चालते, त्या पेठेच्या आनंदात व्यापाऱ्याच्या घराने सामील व्हावे, ही अपेक्षा रास्त आहे. आणि सामील होऊनही त्याने आपले माप ढळू देऊ नये, हीही अपेक्षा तितकीच रास्त आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे अवघड असते आणि कधी कधी त्याची किंमत रोख मोजावी लागते. अहिंसा आणि सत्य ही व्रते मुले प्रवचनातून ऐकतात, पाठशाळेत पाठ करतात. परंतु ती कुठे कामी येतात, हे त्यांना गर्दीतच कळते. मुलाला सामन्याला जाऊ द्यावे. पहिल्या काही वेळा वडिलांनी, काकांनी किंवा आजोबांनी बरोबर जावे. घरचे नियम सांगावेत, आणि ते कशासाठी आहेत हेही सांगावे.

एकशे सदतीस रुपयांची ती बाकी असलेली वही त्या घराने अजून जपून ठेवली आहे. खाते कोणाचे होते, हे मात्र नातवंडांना कोणी सांगितलेले नाही. त्या कुटुंबाचा वंशविस्तार आजही पेठेत आहे, आणि त्यांची मुले त्याच कठड्यावर शेजारी बसून सामना पाहतात.