खाडीच्या माथ्यावरील उचल

रास अल खोर म्हणजे खाडीचा माथा. दुबईला दुभागणारी खाडी जेथे आत येऊन उथळ पसरते आणि हिवाळ्यात जेथे रोहित पक्ष्यांचे थवे चिखलात चोच घालून उभे असतात, त्या अभयारण्याच्या शेजारीच गोदामांची आणि कारखान्यांची वसाहत आहे. क्रेनच्या उचलीचे आराखडे संगणकावर बेतण्याचे माझे काम पुष्कळ वर्षे तेथेच चालले आहे.

संगणक उपकारक आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. निर्मात्याच्या लोड चार्टवर बोट फिरवीत बूमची लांबी, त्रिज्या आणि काउंटरवेट यांचा मेळ घालण्यात पूर्वी जी अख्खी दुपार खर्ची पडे, ती आता काही मिनिटांवर आली. शिवाय फिरताना बूम शेजारच्या इमल्याला घासेल काय, हेही आधीच पडद्यावर दिसते. परंतु जे सांगावे तेच तो सत्य मानतो. एका शीतगृहाच्या यंत्रघराचे छप्पर काढून जुना चिलर बाहेर घ्यायचा होता. कागदोपत्री वजन 6 टन, हुक व स्लिंगांचे 600 किलो, 20 मीटर त्रिज्येला क्षमता 9 टन. म्हणजे वापर 73 टक्के, आणि आराखडा बिनतक्रार मंजूर. चिलर जेमतेम चार बोटे सुटला तोच केबिनमधील भारदर्शकाचा आकडा साडेसात टनांवर गेला आणि रिगरने तत्काळ हात आडवा केला. आत पाणी तसेच होते. दप्तरातले वजन कोरड्या यंत्राचे होते, आणि त्याची खातरजमा मी केली नव्हती.

तेव्हापासून आराखड्यापूर्वी मी जागा पायी हिंडतो. येथील भूमी फसवी आहे : वर मिठाचा टणक पापुद्रा, खाली ओल. आउटरिगरवर 40 टन येतील आणि 2 मीटर चौरस पाटाखाली दर चौरस मीटरला 10 टन पडतील, इतके संगणक बिनचूक सांगतो. पण तेवढे ही माती पेलील काय, हे मातीलाच विचारावे लागते. परवा पहाटे सळई घेऊन हिंडताना रत्नागिरीकडील आमचे वयस्क रिगर एका जागी थबकले, टाच दाबून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, रंग पाहा, ही भरणी नवी आहे." सळई हातभर सहज आत गेली, खाली नळाचा बुजवलेला चर होता. क्रेन तीन मीटर मागे घेतली, त्रिज्या वाढली, क्षमता घटली, आणि मी गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून आराखडा पुन्हा पहिल्यापासून मांडावयास बसलो.