जुन्या मिआटाचे नवे दिवे
न्यू जर्सी, रविवार रात्र

माझ्या १९९० च्या माझ्दा मिआटाचे बॉनेटमधून वर उघडणारे दिवे आज बदलले. सात इंची सीलबंद दिव्यांऐवजी त्याच मापाचे, ६०/५५ वॅटचा एच४ हॅलोजन बल्ब घेणारे दिवे बसवले. रिले लावून वीज फ्यूजमार्गे थेट बॅटरीतून घेतली. जुन्या लांब तारांत व्होल्टेज घटतं आणि उजेड पिवळट, मंद पडतो. एलईडीचा मोह झाला होता. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात त्याचा झोत विस्कटतो, समोरच्याचे डोळे दिपतात. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची उंची जुळवली. जुन्या गाडीवरच्या प्रेमात समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाची काळजीही यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.