वासुदेवाचा हिवाळी दौरा

हिवाळा हा गाण्याचा हंगाम, ही समजूत आपल्याकडे मैफलींनी रुजवली. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 साली सुरू झाला, तो डिसेंबरात भरतो, आणि नावाजलेल्या गायकांचे दौरे दिवाळीनंतर जोर धरतात. पण याच महिन्यांत साथीदार, व्यासपीठ किंवा ठरलेली बिदागी यांतलं काहीही नसताना गावोगाव फिरून गाणारा एक कलावंत महाराष्ट्रात शतकानुशतकं आहे. तो म्हणजे वासुदेव. त्याची नोंद आपण लोकसंस्कृतीच्या पुस्तकात करतो आणि दारात आला की भिक्षेकऱ्यांत करतो. लोककलेची अभ्यासक म्हणून माझं म्हणणं असं की वासुदेव हा दौऱ्यावरचा व्यावसायिक संगीतकार आहे, आणि हे सिद्ध करायला भावनेची गरज नाही. त्याचं काम नीट पाहिलं तरी पुरे.

आधी त्याचा साज पाहा. मोरपिसांची उंच टोपी आणि घोळदार अंगरखा लांबून ओळख पटवतात. एका हातात टाळ, दुसऱ्या हातात चिपळ्या, पायांत चाळ, कमरेला पावा. म्हणजे लय, नाच, गाणं आणि कडव्यांमधली सुरावट हे सगळं एकच माणूस सांभाळतो. यात चामड्याचं वाद्य नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दंवात चामडं सैल पडतं. डफ किंवा संबळ वाजवायचा तर तो आधी तापवून घ्यावा लागतो. पहाटे अंधारात निघून दर दारी काही मिनिटंच थांबणाऱ्या एकट्या माणसाला ते परवडणारं नाही. धातू आणि लाकडाला दंवाची तेवढी बाधा होत नाही. बांबूच्या पाव्याचा सूर थंड हवेत थोडा उतरतो, पण फुंकरीच्या उबेनं तो पुन्हा वर येतो. वेळही तशीच नेमकी. हिवाळ्यातल्या निवांत पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. त्यामुळे आवाज वर विरून न जाता खाली वळतो आणि लांबवर ऐकू येतो. हे शास्त्र कुणी वासुदेवाला शिकवलं नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून निवडलेली ही वेळ आहे. नगरकडच्या थंडीत, पारा दहा अंशांखाली गेलेला असताना, कोरड्या पडलेल्या गळ्यानं घरामागून घर गात जाणं ही तालमीशिवाय साधणारी गोष्ट नव्हे.

दौऱ्याचा हिशेबही तितकाच पक्का. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं, नेवासे तालुक्यातलं घोडेगाव घ्या. जनावरांचा मोठा बाजार, कांद्याचा बाजार, घोडेश्वरीचं देऊळ, शनिशिंगणापूरला जाणारा फाटा, अशी सतत माणसांची ये-जा असलेली जागा. या पट्ट्यात पूर्वी बाजरी काढून झाली की खळ्यावर धान्याची रास पडे आणि त्यातून बलुतेदारांबरोबर फिरत्या कलावंतांचाही वाटा निघे. वासुदेवाची फेरी सुगीनंतरची, ती याचसाठी. ज्या काळात गावाला देता येतं त्याच काळात तो जातो. कुठल्याही दौऱ्याचं वेळापत्रक असंच आखलं जातं. पुढे मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी आलं आणि ऊस वाढला. ऊस शेतातून थेट सोनई नाहीतर भेंड्याच्या कारखान्याला जातो, कांदा लिलावाला जातो. पैसा आला, पण घरात सुपानं द्यायचं धान्य राहिलं नाही. सुपाच्या जागी दहाची नोट आली आणि ओसरीच्या जागी लोखंडी फाटक. कला तीच राहिली, मोबदल्याची व्यवस्था मात्र मोडली.

यावर पहिला आक्षेप असा की तो मागतो, म्हणून तो भिकारी. पण कीर्तनकाराच्या आरतीच्या ताटातही ऐकून झाल्यावरच पैसे पडतात. ऐकणाऱ्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे नंतर द्यावं, ही संगीताच्या मोबदल्याची जुनी आणि मान्य रीत आहे. शिवाय वासुदेव दानाच्या बदल्यात काही देतोही. पंढरीचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी अशी दैवतांची नावं घेत तो ते दान त्यांच्या चरणी पोचवतो आणि देणाऱ्या घराचं नाव त्यात गोवतो. ही रचना इतकी भक्कम आहे की ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत संतांनी वासुदेवाचं रूपक वापरलं, आणि पैठणच्या एकनाथांनी त्याला भारुडात आणलं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा जातीनं लादलेला धंदा आहे, त्याचे गोडवे गाऊन त्या मुलांना पुन्हा झोळीकडे ढकलायचं का? अजिबात नाही. वासुदेव समाज राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे; त्यांच्या मुलांची शाळा सुटता कामा नये, आणि कुणाही मुलानं ही टोपी घालायला नकार दिला तर तो त्याचा हक्कच आहे. पण जो गातो त्याला कमी लेखल्यानं न गाणाऱ्याची शाळा सुधारत नाही. झगा भाड्यानं आणून फसवणारेही असतात, हे खरं. तसे ते प्रत्येक धंद्यात असतात.

खरी अडचण कायद्यात आहे. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमानं भिक्षेच्या व्याख्येत गाणं, नाचणं आणि खेळ करून दाखवणं हे बहाणे म्हणून धरलं, आणि पोलिसांना वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार दिला. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातल्या भीक मागणं गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात कायदा अजून आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत गाणाऱ्यांना 2003 पासून परवाने आणि ठरलेल्या जागा मिळतात. आपलं सरकार एकीकडे वृद्ध लोककलावंतांना मानधन देतं आणि दुसरीकडे त्यांच्याच गाण्याला बहाणा म्हणतं. व्याख्येतून गाणं वगळणं हे विधिमंडळाचं काम आहे. तोवर घोडेगावसारख्या बाजाराच्या गावांनी एवढं करावं: यात्रेच्या वर्गणीतून ऑर्केस्ट्राची सुपारी देता, तशी मार्गशीर्षातली एक पहाट वासुदेवाला रीतसर, आधी ठरवून आणि पुरेसे पैसे मोजून द्यावी.