साबणातली चरबी

डबी हाताच्या तळव्यात मावेल एवढी. आत चार औंस साबण. आणणाऱ्याने सांगितलेली किंमत आपल्या रुपयांत अठराशेच्या वर. आमच्या खात्यातल्या बदली पोरांनी ती ऐकली आणि एकाने डबी उलटी करून पाहिली, खाली काही सोनंबिनं चिकटलंय का.

माझा एक दोस्त पुण्याला सलूनमध्ये कामाला आहे. आपल्याच वस्तीतला. त्याच्या एका गिऱ्हाईकाने अमेरिकेहून आणलेली ही डबी चार-सहा वेळा वापरली, कंटाळा आला, यालाच देऊन टाकली. याने मला. म्हणाला, "तू लिहितोस ना, यावर लिही." मी म्हटलं, साबणावर काय लिहायचं? आपली पोरं संविधान, आरक्षण, खासगीकरण यावर लिहितायत, आणि मी दाढीच्या साबणावर? पण डबीच्या बुडाला बारीक अक्षरात घटक छापलेले होते. एकेक शब्द शब्दकोशात काढत बसलो. तिसरा शब्द निघाला आणि मग झोपच लागली नाही.

बीफ टॅलो. म्हणजे ढोराची चरबी.

आधी साबण म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते आत्ताच कळलं. तेल किंवा चरबी, आणि त्यात क्षार. दोन्ही शिजले की साबण होतो आणि ग्लिसरीन सुटतं. आंघोळीच्या वडीत कॉस्टिक सोडा असतो, म्हणून ती टणक. दाढीच्या साबणात पोटॅशचा क्षार जास्त घालतात, म्हणून तो मऊ राहतो, पाण्यात लवकर विरघळतो. आणि त्यात स्टिअरिक ॲसिड भरपूर लागतं. हे मेणासारखं असतं, सत्तरेक अंशांवर वितळतं. फेस दाट होतो आणि गालावर टिकून राहतो तो याच्यामुळे. ढोराच्या चरबीत ते मुळातच असतं. मोठे कारखाने ग्लिसरीन वेगळं काढून दुसरीकडे विकतात. हे छोटे लोक घरच्या भांड्यात एका वेळी शे-दोनशे डब्यांचा घाणा काढतात आणि ग्लिसरीन आतच राहू देतात. त्याने कातडी कोरडी पडत नाही. बाजारातल्या नळीतल्या मलमात किंवा गॅसच्या फसफसणाऱ्या डब्यात ही गंमत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या गालावर पाहिलंय.

रातपाळी करून आलो होतो. सूतगिरणीत रिंगवर उभं राहणाऱ्याला दाढी वाढवणं परवडत नाही. खुंटांत कापसाची पूस अडकते, घामात भिजते आणि रात्रभर खाजते. ब्रश भिजवला, साबणावर अर्धा मिनिट फिरवला. फेस आला आणि बघता बघता बसला. गालावर पांढरा चिकट थर. साबण खोटा नव्हता. पाणी बोअरचं. आमच्या वस्तीत बोअरचंच येतं. त्यात चुना आणि मॅग्नेशियम जास्त, त्याने साबण फाटतो. गावाच्या वरच्या अंगाला नळाचं पाणी आहे, तिथे हाच साबण पहिल्या फटक्यात फेसाळला असता. दोस्तहो, अठराशेची डबी आली तरी पाणी कुठलं हा प्रश्न काही सुटत नाही. दुसऱ्या दिवशी प्यायच्या जारमधलं पेलाभर पाणी घेतलं. आज्जी बघत होती, काही बोलली नाही.

मग मात्र फेस असा आला की मला माझाच चेहरा अनोळखी वाटला. सायीसारखा. साधीच पत्ती, पण ती ओढावी लागेना, आपोआप सरकत होती. हनुवटीखाली माझे केस वेडेवाकडे आहेत, तिथे नेहमी पुटकुळ्या येतात. या खेपेला आल्या नाहीत. वरून तुरटी फिरवली, झोंबली नाही. मग वास आला. डबीवर बघितलं. तंबाखू आणि चामडं.

चामड्याचा वास, मुद्दाम घातलेला. तिकडे पुरुषांच्या साबणात, अत्तरात हा वास भारी समजतात. त्यासाठी जास्तीचे पैसे देतात. इकडे ज्यांच्या घराला हा वास होता त्यांची घरं गावाबाहेर, तीसुद्धा वाऱ्याच्या खालच्या बाजूला. ढोर, चांभार, मांग, महार. चुन्यात कातडी भिजवून, बाभळीच्या सालीत घालून ज्यांच्या हातांची नखं काळी झाली त्यांच्या हाताचं पाणी कुणी घेतलं नाही. हाताने बनवलेलं, थोडंथोडं बनवलेलं, पिढीजात कसबाचं, हे शब्द आज डबीवर छापले की भाव वाढतो. आमच्या माणसांच्या बाबतीत हेच शब्द खरे होते आणि त्यांनीच भाव पाडला. हे कसं, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

आज्जीला मी घटक वाचून दाखवला. तिने डबी हातात घेतली नाही. "ते सोडलंय आपण," म्हणाली. बस्स, एवढंच. मग दुपारी आपणहून बोलायला लागली. तिचा बाप गावकीत ढोरं ओढायचा. मेलेलं जनावर पडलं की निरोप यायचा, जेवण टाकून उठायचं. मांसाचे वाटे व्हायचे. चरबी कढवून मडक्यात भरून ठेवायची, दिव्याला, पायाच्या भेगांना. १९५६ साली ती अकरा वर्षांची होती. नागपूरला दीक्षा झाली आणि बातमी गावात पोचली, त्यानंतर बापाने ते मडकं ओढ्याला नेऊन फोडलं. फुटल्याचा आवाज अजून कानात हाय, म्हणाली. आणि चरबी पाण्यावर पांढरी तरंगत गेली तीही तिला आठवते.

आता यावर मी काय बोलणार? पण आपण वाद घालणारी माणसं आहोत, म्हणून घातला. म्हटलं, आज्जी, महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा सांगितलं, ते त्या मांसामागच्या लाचारीसाठी. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाचं बिल आणलं, तेही त्याच लाचारीवर. चरबीने काय केलंय? तो एक पदार्थ आहे, क्षारात शिजवला की साबण होतो. पाप, विटाळ हे आपण मानत नाही ना? मग चरबीचाही विटाळ का मानायचा? ती म्हणाली, "विटाळ न्हाई रं. आठवण हाय." या उत्तराला माझ्याकडे उलट उत्तर नाही.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी जुना किस्सा सांगितला होता. मेलेली ढोरं ओढायचं सोडल्याने तुमचं किती नुकसान होतं, कातडं, शिंगं, हाडं, मांस यांचे किती पैसे बुडतात, याचा हिशोब मांडणारे लोक तेव्हाही होते. बाबासाहेबांनी त्यांना सुनावलं की एवढा फायदा दिसतोय तर तुम्हीच ओढा. आज डबीची किंमत बघून मला वाटतं, त्यांनी खरंच ओढलं की. फक्त ढोर ओढलं नाही, फायदा ओढला. आणि ढोर ओढणाऱ्याचं काय झालं ते २०१६ च्या जुलैत उन्यात सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिलं. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. मग सुरेंद्रनगरला आपल्या लोकांनी मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीपुढे नेऊन टाकली. आज्जीच्या बापाने मडकं फोडलं, त्याच जातीचं हे काम.

आणि दाढीचं तर विचारूच नका. बाबासाहेब साताऱ्यात शाळेत असताना न्हावी त्यांचे केस कापायला तयार नव्हते. गावात न्हावी नव्हते असं नाही, पैसे नव्हते असंही नाही. घरात थोरली बहीण भावांचे केस कापायची. भिंतीवरच्या फोटोत आपण तो गुळगुळीत चेहरा, तो कोट-टाय बघतो. त्यामागे कात्री धरलेला बहिणीचा हात मला दिसतो. २०२४ च्या ऑगस्टात कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात एका दलित तरुणाला सलूनमध्येच कात्रीने भोसकून मारल्याची बातमी आली. साताऱ्यापासून तिथवर सव्वाशे वर्षं.

पण न्हाव्यावर राग काढून थांबणारे जे आपले मित्र आहेत, त्यांच्याशी माझं जमत नाही. न्हावीही बलुतेदारच. पसाभर धान्यावर गावाची डोकी करणारा. त्याने महाराच्या गालाला हात लावला असता तर पाटलाने त्याचं बलुतं तोडलं असतं. आणि याच लोकांनी १८९० साली मुंबईत विधवांचं केशवपन करायचं नाकारून संप केला. पुढाकार नारायण मेघाजी लोखंड्यांचा. हेच लोखंडे, ज्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. वस्तरा खाली ठेवणं ही केवढी गोष्ट आहे! उलट आमच्या गिरणीवाल्यांचं बघा. मुंबईत विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, कारण धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावं लागायचं आणि त्याची थुंकी सवर्ण कामगाराला चालायची नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडलं. त्याच सुताला खळ देताना चरबी घातली जायची. त्या कापडाची धोतरं देवळात चालायची, आणि धागा ओढणारं तोंड तेवढं चालत नव्हतं.

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा डबी बरोबर होती. गावात एकच सलून. चालवणारा माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याच्या आज्ज्याने माझ्या आज्ज्याची दाढी कधी केली नाही, हे त्यालाही माहीत, मलाही. आता तो करतो. पत्ती नवी मोडतो, टॉवेल झटकतो, सगळं व्यवस्थित. मी म्हटलं, "दादा, आज हा साबण लाव." त्याने वास घेतला, खूश झाला. एका गालावर फेस चढवला आणि विचारलं, "कशाचा रं ह्यो?"

मी सांगितलं. ढोराच्या चरबीचा.

ब्रश थांबला. आरशात आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. मागे बाकावर दोघे जण पेपर वाचत बसलेले, त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. मग तो दुसऱ्या गालाला ब्रश लावत हळूच म्हणाला, "आमच्या आज्ज्याचा ब्रश डुकराच्या केसाचा होता. पाटलाच्या तोंडावरनं रोज फिरायचा. कुणी कधी इचारलं न्हाई."

आणि पत्ती मोडायला वळला.