गप्प टॅपेट

कैनाडला आमच्या अंगणात चिकूखाली पद्मिनी गाडी उभी असायची. डहाणू रोडच्या गॅरेजात काम करणारा मामा सुट्टीच्या दिवशी येऊन तिचं टॅपेट कव्हर उघडायचा. इंजिन रात्रभर निवलेलं हवं, म्हणून चहासुद्धा नंतर. माझं काम हँडल फिरवायचं. मामा आधी चारही प्लग काढून ठेवी. मग सिलिंडरात हवा दाबली जात नाही आणि पोराच्या हातालाही इंजिन वळतं. तरीही अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा अशी सक्त ताकीद. गाडी सुरू करताना हँडल उलटं फटकलं तर मनगट जातं. सवय आत्तापासून हवी.

हिशेब नऊचा. रेडिएटरकडून मोजायचे आठ व्हॉल्व्ह. आठवा पूर्ण उघडला की पहिल्याची फट बघायची, सहावा उघडला की तिसऱ्याची. फट मिलिमीटरच्या एखाद-दुसऱ्या दशांशाची. फीलर गेजची पाती ओढताना किंचित धरली पाहिजे. ते धरणं मामा बोलून सांगत नसे. पाती माझ्या चिमटीत देई.

फट मोठी झाली की इंजिन टिकटिकतं. बाबांना त्याची लाज वाटे. "भाऊजी, वाजणाऱ्याचं सोडा, गप्प झालेल्याकडे बघा," मामा म्हणायचा. खरंच होतं ते. तापला की व्हॉल्व्ह लांबतो. फटच नसेल तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बैठकीवर पुरता टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि कड जळते. तोवर आवाज मात्र झकास.

मुंबईत नोकरीला आल्यावर हेच १०८९ सीसीचं इंजिन काळ्या-पिवळ्या टॅक्सीत रोज भेटे. सिग्नलला थांबलो की कान आपोआप बॉनेटकडे. टिकटिक ऐकू आली की मी निवांत, गुळगुळीत चालणारी असली की अस्वस्थ. माणसांच्या बाबतीतही हे खूळ जडलं. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. नव्या गाड्यांत पुष्कळदा फट ऑइलच्या दाबानेच भरून निघते. हँडल शिरायला बंपरला भोकही नसतं.

आमची पद्मिनी अजून आहे. मध्यंतरी एका गॅरेजवाल्याने ती 'एकदम सायलेंट' करून दिली, वर त्याचे जादा पैसे लावले. मी कैनाडला नेली, रात्रभर निवू दिली, प्लग काढले. चौथ्या आणि आठव्यात पाती शिरलीच नाही. आता टिकटिकते. शेजारी विचारतात, दुरुस्त कधी करणार?