इवल्या तोंडाचा घास

जुन्नरच्या उर्दू शाळेत आम्ही विज्ञान आणि मराठी शिकवतो. वर्गातल्या काचेच्या टाकीत फायटर माशांच्या जोडीने अंडी घातली, नराने ती फेसाच्या घरट्यात जपली. पिल्ले निघाली, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी. आम्ही हौसेने उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून टाकला. पाणी नासले. आठवड्यात एकही पिल्लू उरले नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, खाना तो डाले थे ना, फिर भूके कैसे मरे?"

आम्ही गप्प राहिलो. चूक घासाच्या मापाची होती. पोटाची बलकपिशवी संपली की या पिल्लांना तोंडात मावेल असा, हलता घास लागतो.

दुसऱ्या खेपेला अंडी येण्याआधीच भाताचा पेंढा उकळून गार केला, त्यात तळ्याचे थोडे पाणी घालून बरणी सावलीत ठेवली. चार दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पॅरामेशियम धावू लागले. पुढे डबक्यातल्या पाणपिसवा अम्मीच्या जुन्या मलमलीतून गाळून घेतल्या. चतुराच्या अळ्या आल्या तर पिल्लेच खातात.

शेजारी डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. तिथल्या विस्थापित आदिवासींनी मासेमारी धरली, पिंजऱ्यांत मत्स्यबीज बोटभर वाढवून मगच जलाशयात सोडले. इवले बीज मोठे मासे गिळतात, हे त्यांना ठाऊक होते.

यंदा अकरा पिल्ले जगली. त्या मुलीनेच मोजली. मराठीच्या तासाला "शिकवले तरी शिकत नाहीत" म्हणून आम्ही चिडत असू. आता आधी घासाचे माप पाहतो.