त्रिकोणातला जीम

गेल्या रमजानात इफ्तारला दहा-पंधरा मिनिटं असताना कॉलेजच्या ग्रुपवर एक फोटो आला. जुन्या पिस्तुलाचा. लोखंडावर एक बारीक त्रिकोण ठोकलेला आणि त्यात एक अक्षर. खाली मित्रानं माझं नाव घेऊन लिहिलं होतं, "हे उर्दू ना रे? म्हणजे पाकिस्तानी माल. तूच सांग."

'तूच सांग' जरा टोचलं. बंदुकांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. अक्षर मात्र ओळखीचं होतं. ते होतं जीम. लहानपणी मक्तबात कायदा घोकताना अलिफ, बा, ता, सा नंतर येणारं, पोटात टिंब असलेलं. पण जीम अरबीत आहे, फारसीत आहे, उर्दूतही आहे. एकट्या अक्षरावरून भाषाही ठरत नाही, मग देश कसा ठरणार?

तरावीहनंतर शोधायला बसलो. लष्करातून निघालेल्या जुन्या शस्त्रांवर साधारण तीन तऱ्हेचे ठसे असतात. एक बनवणाऱ्या कारखान्याचा, दुसरा चाचणी झाल्याचा, तिसरा मालकाचा, म्हणजे ज्या सरकारनं ते विकत घेतलं त्याचा. नवखा माणूस या तिघांत गफलत करतो. ब्रिटिश सरकारी मालावर रुंद टोकाचा बाण असे. त्यासोबत इंग्रजी 'आय' असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा, बाणाभोवती 'सी' असेल तर कॅनडाचा. फिनलंडच्या लष्कराचा ठसा म्हणजे चौकटीतली 'एस ए' अक्षरं.

गंमत पुढेच आहे. टोरांटोच्या इंग्लिस कारखान्यानं १९४४ पासून ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलं बनवली. त्यातल्या काहींवर सहा चिनी अक्षरं आहेत. अर्थ असा, की ही चीनच्या प्रजासत्ताकाची मालमत्ता. मूळ रचना बेल्जियमच्या कंपनीची, कारखाना कॅनडात आणि अक्षरं चिनी! १९३०च्या दशकात जर्मनीच्या माउझर कंपनीनं इराणला लुगर पिस्तुलं पुरवली, त्यांच्यावरचे आकडे फारसीत आहेत. ते आकडे आमच्या उर्दू शाळेतल्या पोरालाही वाचता येतील, पण म्हणून पिस्तूल त्याच्या गावचं होत नाही.

आणि त्रिकोणातला जीम? तो इराकी लष्कराच्या मालकीचा ठसा. जीम म्हणजे 'जैश' या अरबी शब्दाचं पहिलं अक्षर.

इथं माझं बोट थांबलं. 'जैश म्हणजे लष्कर' एवढंच लिहिलं आणि खोडलं. हा शब्द आपल्याकडे कोणत्या बातम्यांत ऐकू येतो ते वेगळं सांगायला नको. खरं तर अरबी बोलणाऱ्यांसाठी तो 'सेना' इतकाच साधा शब्द आहे. पण तो माझ्या नावाखाली, रात्री अकरा वाजता, त्या ग्रुपवर?

मित्राला फोन केला. म्हटलं, "फोटो कापलेला आहे, पूर्ण पाठव." त्याच्याकडे होता. स्लाइडवर इंग्रजी लिपीत स्पष्ट कोरलेलं होतं, हेर्स्ताल, बेल्जियम. म्हणजे बेल्जियमच्या कारखान्यातलं पिस्तूल आणि त्यावर इराकचा ठसा. पाकिस्तानचा संबंध कुठंच नव्हता. तरी मी त्याला एक गोष्ट बजावली. संग्राहकांकडून जास्त पैसे मिळावेत म्हणून असे ठसे खोटेही मारतात. त्यामुळे एकाच खुणेवर विसंबायचं नाही. भागांवरचे क्रमांक जुळतात का, ठशाची झीज बाकीच्या धातूइतकीच जुनी दिसते का, हे सगळं पाहायचं.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी फक्त अक्षर बघितलं यार."

मग मी ग्रुपवर सगळं लिहिलं, 'जैश'सकट. दोघांनी अंगठा दाखवला, बाकीचे गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच मित्राचा मेसेज आला, "जीम लिहितात कसं? माझी पोरगी विचारतेय."

कागदावर मोठ्ठा जीम काढला, पोटात टिंब दिलं आणि फोटो पाठवला. त्रिकोण काढला नाही.